खुंटा नंबर सत्तेचाळीस

चिंचोळीच्या फौंड्रीत आम्ही
जहाजं बांधायचे खुंटे ओततो.
कागदावर त्यांचं नाव बोलार्ड,
आमच्यात नुसता मुंडा.
डोकं मोठं, मान आवळलेली,
दोन्ही बाजूंना कान,
मास्तरांनी ओढून ओढून लांबवलेले.

इथून समुद्र केवढा तरी लांब.
शेडमध्ये तो एकानंच पाहिलाय.
मल्लिनाथ म्हेत्रे मेहुणीच्या लग्नाला रत्नागिरीला गेलेला,
आला आणि म्हणाला,
आहे बाबा पुष्कळ,
पण त्यातला तांब्याभर कामाचा नाही.
तेव्हा आमच्या गल्लीत नळाला
पाचवा दिवस चालू होता.

वैशाखातली दुपार.
पॅटर्न उचलताना बुडाकडची वाळू ढासळली,
रुपयाएवढीच.
भट्टीकडून लॅडल निघालेला,
वेळ नव्हता.
मी ओली वाळू घेतली, अंगठ्यानं दाबली
आणि पेटी मिटली.

वाळूत खळगा तो लोखंडात उंचवटा,
हा इथला न्याय.
तिसऱ्या दिवशी वाळू झाडली,
तर सत्तेचाळीस नंबरच्या बुडाशी
माझा अंगठा उभा.
रेषा नव्हत्या, लोखंडाला इतकं बारीक वाचता येत नाही,
पण नखाशेजारची तिरपी खूण होती,
लहानपणी विळ्यानं गेलेली.

तपासणीच्या निंबर्गी बाईंनी हातोडी मारली,
मान कलती करून आवाज ऐकला,
मग अंगठ्यावर बोट ठेवलं.
हे काय?
म्हटलं, बुडाशी आहे, काँक्रीटमध्ये जाईल.
घासून टाका म्हणाल्या, आणि जेवायला गेल्या.
सिद्रामनं ग्राइंडर माझ्यापुढे धरला :
तुमचा अंगठा, तुम्हीच उडवा.
मी वायर गुंडाळून ठेवली.

रात्री नायनांनी विचारलं, काय ओतता रे हल्ली?
नायना मिलमध्ये तुटलेले धागे सांधायचे.
भोंगा थांबून जमाना झाला,
बोटं अजून हवेत गाठ मारतात,
जेवतानासुद्धा.
मी सांगितलं : पन्नास टनांची ओढ सोसेल असा खुंटा,
त्याला दोर, दोराला जहाज.
आणि गाठ?
गाठ नसते. दोराचा फासा गळ्यात टाकतात,
निघायच्या वेळी उचलून घेतात.
नायना बराच वेळ भाकरी मोडत बसले.
मग आमच्या तेलुगूत, हळू :
मुडी नाही?
मुडी नाही, तर धरतं कोण?

खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात.
आमचा हलला, तर खाली बंदरच हललं समजा.
एवढंच सुचलं मला, तेही बोललो नाही.

शनिवारी ट्रेलर भरला.
बारा मुंडे, आडवे, एकमेकांकडे पाठ करून.
रंग खरवडू नये म्हणून साखळ्यांखाली
चादरीच्या कारखान्यातल्या चिंध्या सारल्या,
एका चिंधीवर अर्धा मोर होता.
काट्यावर वजन झालं, पावती फाडली,
गेटाबाहेर वळताना
धुळीनं ट्रेलर पुसून टाकला.

पावसाळा उलटल्यावर ड्रायव्हरचा फोटो आला.
धक्क्यावर पिवळा मुंडा, पोटावर ४७,
गळ्यात माझ्या मांडीएवढा दोर,
ताणलेला,
आणि फोटोत न मावलेलं जहाज.
बूड काँक्रीटमध्ये. दिसत नाही अर्थात.
नायनांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला,
जहाजाकडे बघितलंच नाही,
दोराचे पेड मोजत राहिले.
आठ, म्हणाले. सूत चांगलंय.

रात्री अडीचला कुणीतरी ओरडलं, पाणी आलं.
गल्लीभर बादल्या वाजल्या.
आमचा पाइप नळाला ढिला होतो,
नायनांनी सुतळीची गाठ मारलीय गळ्याशी,
तरी जोर आला की सुटतो.
म्हणून उकिडवं बसायचं
आणि अंगठ्यानं दाबून धरायचा,
ड्रम भरेपर्यंत.