शिळं पेट्रोल

चोक ओढला की धडधडतो,
आत ढकलला की दोन उसासे, बंद.
कॉटन मार्केट, पहाटेचे साडेचार,
तर्री उकळते आहे आणि बल्ब मेलेला.
गिऱ्हाईक मोबाईलच्या उजेडात चणे शोधतं.

इंदोऱ्यात शालिकराम डोंगरे.
जनरेटरला हातच लावला नाही आधी,
मलाच विचारत बसला:
"चोकवर किती येळ चालते?
धूर काळा का पांढरा?
पेट्रोल कधीचं आहे, बाई?"

मारबतीच्या दिवशीचं.

"पाच महिने! बाप्पा,
पेट्रोलबी शिळं होते न."

वाटी उतरली. तळाला काकवीसारखं काही,
वास वार्निशचा.
जेट उजेडाकडे धरला त्यानं.
"पाहा बरं, आभाळ दिसते का?"
नाही दिसलं.

तुटक्या क्लच वायरीचा एक तंतू
आत, बाहेर, फुंकर, पुन्हा आत.
"पेट्रोल पुरत नव्हतं त्याले.
चोकनं हवा अडवली, म्हून तेवढं तरी चाललं.
तुम्हाले वाटलं थंडीनं."

आता टाचणीच्या टोकाएवढं आभाळ.

टाकीतलं उरलेलं तो मातीत ओतायला निघाला.
थांबा, म्हटलं, बाटलीत द्या.
"कशाले? कामाचं नाही ते."
माहीत होतं मला.
भरलं ह्यांनी होतं,
पंपावर सुट्ट्या पाच रुपयांसाठी भांडून.

त्यानं काही विचारलं नाही.
बाटलीचं झाकण तेवढं दोनदा आवळलं.

आज चोक आत आहे, इंजिन चालू.
"ताई, तर्री वाढा अजून."