बेचक्याची काठी

कोकुशुबिरा कोयता घरीच ठेवते.
पात्यावरून रोग बुंध्याबुंध्यात उतरतो,
हे कळायला चाळीस खुंट पुरावे लागले.

आता हाती बेचक्याची काठी.
शेवटची फणी सुटली की
केळफुलाची मान बेचक्यात धरून
पिळायची. कट्.

गळल्या पाकळीच्या ओल्या वणावर पिवळा चीक,
त्यावर तीळभर मधमाश्या, बिनडंखाच्या,
तिच्याच भिंतीच्या भेगेत राहणाऱ्या,
धाकट्याच्या खोकल्याला दर वर्षी मध देणाऱ्या.
पायांना काय लागलंय, त्यांना कुठलं कळायला.

"आज काही नाही गं, बायांनो."
माश्या घुटमळतात
फूल होतं तेवढ्या हवेत,

मग बांध ओलांडून
र्वेगासिराच्या बागेकडे.
तो बुकोबाला गेलाय, महिना झाला.
त्याची सगळी फुलं
अजून लोंबतायत, जांभळी, उघडी.