अंतरकुवर

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी, बरोबर बारा वाजता
तो जन्मला, सावलीशिवाय.
असं माझा बाप सांगायचा,
झिरो माइलच्या घोड्याच्या मानेवर बसून
काथ्याच्या ब्रशनं त्याचे कान घासत.
सव्वीस जानेवारीच्या आधी दोन दिवस
चारही घोडे धुवायचं काम जगन बारापात्रेकडे असायचं
आणि बादल्या माझ्याकडे.

तेव्हा रस्ते नव्हते.
नाग नदी होती, पण पाण्याची नव्हे,
खरीखुरी नागीण,
सीताबर्डीच्या टेकडीला वेटोळं घालून निजलेली.
तिनंच बाळंतपण केलं.
पोराचे तळवे चाटून पाहिले, म्हणाली,
याच्या पायात वाटा आहेत.
हा चालेल तिथं रस्ता फुटेल,
पण परतेल तेव्हा
घर एक कोस पुढं सरकलेलं असेल.

राणीनं नाव ठेवलं, अंतर.

चार घोडे त्याचे.
एक काजळाचा, रात्री हरवायचा.
एक मिठाचा, दर पावसाळ्यात अर्धा व्हायचा,
मग त्याला मांडीखाली घेणं कुवराच्या जिवावर यायचं.
एक संत्र्याच्या सालीचा,
तो गेला की काटोलपर्यंत वास.
चौथा बापालाही नीट माहीत नव्हता.
त्याच्या नुसत्या टापा ऐकू येत,
कधी कधी आपल्याच छातीतून.

कुवर उत्तरेला गेला, समुद्राकडे गेला,
जिथं कोणी नव्हतं तिथं आधी गेला.
परतला तेव्हा महाल पारडीला.
पुन्हा परतला, कामठीला.
शेवटी आईच दिवा घेऊन निघाली त्याला शोधायला.
ती कुठवर पोचली
ते या गोष्टीत नाही.

मग मृगजळाचा राजा चालून आला.
पाण्याची चिलखतं, पाण्याचे भाले,
आणि विहिरी तर कधीच्याच आटलेल्या.
लोक लढलेच नाहीत,
घागरी घेऊन त्या फौजेमागं धावले,
बायका, म्हातारे, एक लग्नाचं अख्खं वऱ्हाड.
कुवरानं चारही घोडे आळीपाळीनं दामटले.
फौज नेहमी चाळीस हात पुढं.
आठ दिवस. सालीचा घोडा सुकून तडकला.
नवव्या दिवशी, भर बाराला,
तो खाली उतरला
आणि नुसता उभा राहिला.

मागं कोणी लागलंच नाही
तर मृगजळ पळणार कुणापासून?
फौज थांबली. थांबलेलं पाणी
संध्याकाळपर्यंत वाळून गेलं.
पण कुवराचे पाय रुतले ते रुतलेच,
मग गुडघे दगड, मग कंबर,
आणि त्यानं काढलेले सगळे रस्ते
एकेक करून त्याच्या पायाशी येऊन निजले.

"मग घर?" मी विचारलं.
"काऊन रे पोट्ट्या," बाप म्हणाला,
"थो थांबला तं घरई थांबलंच ना."
आणि बादली मागितली.

बाप स्वतः बुटीबोरीच्या पलीकडे कधी गेला नाही.
मी गेलो. सोळा चाकांवर,
लोखंड, कापूस, कूलरच्या ताट्या, जे मिळेल ते.
मैलाचे दगड येतात, नागपूर ११२, नागपूर ४६०,
वाटतं कोणीतरी उभ्या उभ्या
मला मोजतंय.

परवा मुलताईच्या अलीकडे, दुपारी,
डांबरावर पाणी चमकलं. रोजचंच.
मी ब्रेक मारला, इंजिन बंद केलं,
खाली उतरून उभा राहिलो.
पाणीही उभं राहिलं.
बराच वेळ आम्ही दोघं तसेच,
चपलेखाली डांबर मऊ होत गेलं.

गुलशेरनं खिडकीतून डोकं काढलं.
"काय झालं, उस्ताद?"
"काही नाही," म्हटलं,
"घोडा दमला."