पापुद्रा क्रमांक सतरा

मे महिन्यात धुळ्यात जेल बनवू नये
असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.
मी बनवते.
अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे,
मग चिमूटभर परसल्फेट,
आणि बीकर वाकडा करकरून बघणं
वाहायचं कधी थांबतंय ते.
थांबतं तेव्हा आवाज होत नाही.
पाणी होतं तेवढंच असतं आत, शंभरातलं नव्वद,
फक्त आता त्याला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं.

ही पट्टी मनगटावर लावायची.
घामातलं मीठ जेलमध्ये उतरतं,
आकडा काडेपेटीएवढ्या डबीत साठतो.
भर उन्हात डांबर ओतणाऱ्याला
चक्कर येण्याआधी कळावं, एवढाच प्रकल्प.
अर्जातलं बाकी सगळं अनुदानासाठी.

अडचण ही, की चव्वेचाळीस अंशाला
माणसाआधी जेलच कोरडं पडतं.
दुपारी दोनला पट्टीच्या जागी
एक वाळका खवला उरतो
आणि डबी ठामपणे सांगते:
माणूस नाही.

म्हणून वरून पापुद्रा हवा,
वाफ जपून सोडणारा.
काचेवर द्रावण ओतलं,
काच समपातळीत यावी म्हणून खाली
शिरपूर गाडीचं तिकीट, चार घड्या.
सोळा पापुद्रे काढताना फाटले.
सोळावा जवळजवळ निघाला होता.
देवरे सर म्हणाले, वहीत 'जवळजवळ' असा रकाना नसतो.

सुपडूभाऊ परीक्षानळ्या धुवत होते.
"काचवर कसाले टाकतस, ताई?
बिबड्या फडकावर टाकतस.
वाळन्यात का मांगून पानी शिंपडानं.
आपसूक सुटतीन."

ज्वारीच्या बिबड्या मी पोतंभर खाल्ल्या असतील.
काचेला पाठीकडून पाणी पाजता येत नाही
हे मात्र पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी कळलं.

सतरावा मलमलीवर ओतला.
सुटला.
विणीचे ठसे राहिले त्याच्यावर, उभे-आडवे.
पुढे परीक्षकांनी त्यांना दोष म्हटलं.
मी उत्तरात लिहिलं: ठसे आहेत.

पट्टी बांधली सुपडूभाऊंच्याच मनगटावर,
एक दिवस, एक रात्र.
सकाळी आलेख उघडला.
सायकलवरून घरी जातानाचा चढ दिसतो,
पांझरेचा पूल ओलांडल्यावर थोडी सपाटी,
जेवण. झोप.
आणि रात्री दोन चाळीसला
मिठाची रेघ एकदम तळाला,
लगेच वर, पुन्हा खाली, पुन्हा वर,
करवतीसारखी, साडेतीनपर्यंत.

मी वायर तपासली. डबी उघडली.
सतराव्यावर संशय घेतला, त्याच्या ठशांवर,
माझ्या चार वर्षांवर,
चहा गार होईपर्यंत.

सुपडूभाऊ झाडू टेकवून डोकावले,
ओलं बोट पडद्यावर ठेवलं.
"आठ दिनमा नळ उना ना, ताई.
बादल्या भरन्यात. मंग जिना."

जिना. तीन मजले.
मी करवतीचे दात मोजले.
अकरा भरले.

"बारा," ते म्हणाले.
"एक जिनावरच सांडनी."