ब संघाची वही

बर्फ कारखान्याची जुनी वही आहे माझ्याकडे.
डाव्या पानावर लाद्या, कुठल्या बोटीला किती,
उजव्यावर क्लबची पोरं. ब संघ.
अ संघाला बघायला अख्खं हर्णै येतं,
ह्यांना मी, आणि बांधावरचा एक बोका.

भात कापलेल्या मळ्यात सड अजून टोचतात,
चेंडू उडतो वाट्टेल तसा.
अझीम मुकादमनं त्याच उसळीवर चार काढले.
वय सोळा. दोनदा अधोरेखित.

विघ्नेश दोरकुळकर : हात भारी, डोकं तापट.
पहिल्याच चेंडूला पुढं जातो,
जातो म्हणजे परत येतो.

जानेवारीत आंजर्ल्याला चालत गेलो,
टेम्पो मच्छीला गेला होता.
तेरा धावांनी हरलो.
सुयोग रहाटवळ, ज्याचं नाव मी दोनदा चुकवलं,
एकोणीस नाबाद.
घरी येऊन शाईनं लिहिलं.

मार्चात अझीमला वर घेतलं.
दोन षटकं, अठ्ठावीस धावा,
मग उरलेला महिना पाण्याच्या बाटल्या.
खाली आला तेव्हा काही बोलला नाही,
फक्त स्टंपापासची पावलं पुन्हा मोजली,
आणि एक कमी केली.

उपांत्य सामन्याच्या दिवशी
विघ्नेशच्या बापाचा गुडघा धरला.
पोरगा बोटीवर गेला.
रेंज तुटेपर्यंत फोनवर विचारत होता,
किती झाले, किती झाले?

सुयोग खेळत होता अजून.

रात्री वही उघडली.
विघ्नेशचं नाव लिहायचं होतंच :
डावं पान. लाद्या बारा.