बाहेर पडल्याची वेळ

ह्याल्मारला काय, एक आकडा हवा होता.
रोज कोण किती वाजता यंत्रावर बसलं, कधी उठलं,
"टाक सगळं एका टेबलात, स्टेनवोर, सोमवारपर्यंत,"
म्हणाला, आणि कॉडच्या भावाकडे वळला.

म्हणून ही स्क्रिप्ट. बावन्न ओळींची.
बाराला पाच कमी असताना उठते,
मासळीच्या कारखान्यातल्या एकोणीस यंत्रांची दारं ठोठावते,
प्रत्येकाकडून दिवसाची नोंदवही मागते,
जिथे जागा सुटली तिथे ओळ तोडते:
नाव, यंत्र, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ.
चार तुकडे, चार रकाने. मग पुन्हा निजते.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पहिल्या रात्री तिला आमची अक्षरंच वाचता येईनात.
थोर्ग्रीमुरच्या नावातलं पहिलं अक्षर,
जिभेचं टोक दातांत धरून म्हणायचं असतं ते,
तिथे तिने प्रश्नचिन्ह ठेवलं.
तो हसला. म्हणाला, बायकोही हेच म्हणते.
मंगळवारी मी ती चुकून दोनदा चालवली
आणि अख्खं गाव दोनदा कामावर आलं.
लुद्विका म्हणाली, मग पगारही दोनदा द्या,
पोलंडमध्ये माझ्या घराचं छप्पर बाकी आहे.

जूनमध्ये आमच्याकडे रात्र होतच नाही.
फ्योर्डच्या पाण्यावर बारा वाजताही
वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड,
आणि ही बिचारी ठरल्या वेळी दिवस कापते.
रात्रपाळीची माणसं अर्धी अलीकडे राहिली,
अर्धी पलीकडे.
कुणाला काल म्हणायचं, कुणाला आज,
मी आठवडाभर भांडले, स्वतःशीच.

थोर्ग्रीमुरची ओळ मात्र मार्चपासून तशीच होती.
वजनकाट्याच्या खोलीतलं यंत्र. चौदा मार्च, सहा चाळीस, आत.
पुढचा रकाना मोकळा.
साडेनऊला त्याने छातीवर हात ठेवला,
विमान येईपर्यंत आम्ही त्याला कोटांखाली झाकून ठेवलं,
रेक्याविकहून संध्याकाळी फोन आला.
यंत्राला कुणी काही सांगितलं नाही.
रोज रात्री विचारलं की ते म्हणायचं,
आहे. अजून आत आहे.

नवा काटा दुसऱ्या खोलीत बसवला गेला.
त्या जुन्या पडद्यावरची धूळ लुद्विका दर शुक्रवारी पुसायची,
कळांना हात न लावता.

ह्याल्मार म्हणाला, तिथे शून्य घाल, बेरीज चुकतेय.
पण शून्य घातलं की ती वेळ होते, मध्यरात्र होते,
आणि तो काही मध्यरात्री गेला नव्हता.
रिकामं म्हणजे शून्य नव्हे, एवढं डेटाबेसलाही कळतं.
मी रकान्यावरची सक्ती काढून टाकली.
बेरजेत एक माणूस
दोनशे तेहतीस दिवस सलग काम करत होता.
करू दे, म्हटलं.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला वादळ आलं.
वीज गेली, एकोणीसच्या एकोणीस यंत्रं विझली,
दुपारी एकेक करून परत उजळली.
रात्री स्क्रिप्ट वजनकाट्याच्या खोलीशी गेली
आणि आतून नवंच उत्तर आलं:
गेला. बाहेर पडल्याची नोंद नाही.

असं काही तिने कधी ऐकलं नव्हतं.
ती तिथेच थांबली.
पुढची सहा यंत्रं वाट पाहत राहिली.

सकाळी कॉफी निवत ठेवून मी त्रेपन्नावी ओळ लिहिली:
असं उत्तर आलं तर आहे तसं उतरवून घे,
थांबू नकोस, पुढच्या दाराशी जा.
मग हाताने पुन्हा चालवली.
सगळ्यात शेवटी लुद्विका आली,
पाच अठ्ठावन्न, आत.