सतरावी घडी

फॉक्स नदी गोठली आहे. गिरणीची वाफ सरळ वर जाते.
मार्लिस पुठ्ठ्यावर बोथट पात्यानं रेघ ओढते.
कापायचं नाही, नुसतं दुखवायचं,
म्हणजे तो तिथेच वाकतो.

सोळाव्या नमुन्यात वाफ कोंडली, पाव लिबलिबीत झाला.
पंधराव्याला भोकं जास्त, चीज वाटेतच थिजलं.
चौदावा देखणा होता,
पण उघडायला दोन हात लागायचे.

दोन हात कुणाकडे मोकळे असतात?
एक स्टिअरिंगवर, एक मागच्या सीटवरच्या पोराकडे,
आणि ड्वेनचा उजवा तर
एकोणनव्वद सालीच रोलरनं घेतला, याच गिरणीत.

तो जेवणाच्या सुट्टीत येतो.
खोका डाव्या तळव्यावर तोलतो,
अंगठा झाकणाच्या जिभेखाली सारतो.
सोळा वेळा म्हणाला, "अंहं."

वरून निरोप: खोक्यामागे पाव सेंट वाचवा.
म्हणून डिंक गेला. आता कानात कान अडकवायचा,
तोही पुठ्ठ्याच्या रेषेरेषेनं,
नाहीतर कोपरा फाटतो.

घडीचं आयुष्य घडीभर, मोजून अकरा मिनिटं:
खिडकीतून हात, मांडीवर ऊब,
मग पार्किंगमधला डबा.
त्यासाठी मार्लिसचा अख्खा हिवाळा.

आज ड्वेननं सतराव्याची घडी मोडली.
टक्.
आत सँडविच नव्हतं, चाचणीचा कोमट स्पंज होता.
तो त्यानं टेबलावर काढून ठेवला,
खोका मिटला, उघडला, पुन्हा मिटला,
चपटा करून जॅकेटच्या खिशात घातला
आणि काही न बोलता पाळीवर गेला.

मार्लिसनं अठराव्यासाठी काढलेला पुठ्ठा
परत रॅकवर ठेवला.